दहा महिने घरचं थिएटर, आणि पडद्यावरचा तो पांढरा डाग

अकोल्यात, किंवा आपल्या वऱ्हाडात कुठेही, घरातल्या रिकाम्या खोलीचं थिएटर करायचं मनात असेल तर प्रोजेक्टरचे ल्युमेन (उजेड) आणि फोरके (चित्राची बारकाई) नंतर बघा, आधी कूलरचं काय करणार ते ठरवा. मला हे आधी कोणी सांगितलं नाही. एक अख्खा उन्हाळा काढून आणि सर्व्हिस सेंटरशी महिनाभर भांडून कळलं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

खोली वरच्या मजल्यावरची, १० बाय १३ फूट, मागच्या भिंतीला ३ फूट रुंद माळा. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि तिथे गव्हाच्या कोठ्या, जुनी सायकल, लग्नातली भांडी असा पसारा झाला होता. २०२३ च्या दिवाळीत तो आला तेव्हा म्हणाला, बाबा, ५५ इंची टीव्हीला जेवढे लागतात तेवढ्यात १०० इंची चित्र होते. मी आकडा धरून बसलो की ५० हजाराच्या वर एक रुपया जाणार नाही, आणि डिसेंबरात काम सुरू केलं.

प्रोजेक्टर सेलमध्ये १८,९९० ला घेतला, एलईडीवाला, नेटिव्ह १०८० पी, म्हणजे त्याचं स्वतःचं चित्र तेवढ्या बारकाईचं. खोक्यावर भलेमोठे ल्युमेन छापलेले असतात त्याकडे बघू नका, एएनएसआय ल्युमेन (ठरलेल्या पद्धतीने मोजलेले) किती ते विचारा, आणि ‘फोरके सपोर्ट’ म्हणजे फोरकेचा सिग्नल घेतो एवढंच, दाखवतो १०८० पीच. हे बहुतेकांना माहीत असतं म्हणून जास्त लिहीत नाही. आत अँड्रॉइड आहे पण त्यावर ओटीटी नीट एचडीत चालत नव्हतं (अशा स्वस्त मशिनींना बहुतेक वेळा वाइडवाइन एल१, म्हणजे ओटीटीवाल्यांना एचडीसाठी लागणारी परवानगी, नसते, मग चित्र कमी दर्जावर, एसडीवर, अडकतं), म्हणून ओटीटीची स्टिक वेगळी घ्यावी लागली, ४,००० गेले. वायरच्या मागच्या दोन स्पीकरांसकट ५.१ चा साउंडबार १३,५००. बाकी इलेक्ट्रिशियन ३,२००, जाड पडदे २,८००, पिंजाऱ्याकडून दोन जुन्या गाद्या पिंजून घेतल्या त्याचे १,४००.

सिनेमाचा पडदा विकत घेतला नाही. भिंतीला लांबी (पुट्टी) भरून, दोन वेळा घासून, चमक नसलेला पांढरा इमल्शन मारला, ९०० रुपयात काम झालं. भिंत घासायला कंटाळा करू नका, हात फिरवला की जिथे खरखर लागते तिथेच रात्री सावली दिसते. १०० इंची चित्र म्हणजे साधारण ७ फूट ३ इंच रुंद आणि ४ फूट १ इंच उंच, त्याच्या चारी बाजूंनी काळ्या मखमलीची चार बोटं पट्टी लावली, कापड बाजारातून ६४० ची मखमल आणून. या ६४० रुपयांनी जो फरक पडला तो दुसऱ्या कशानेच पडला नाही. सिनेमास्कोपवाले (जास्त रुंद चित्राचे) पिक्चर लागले की वरखाली सहा-सहा इंचाच्या रिकाम्या पट्ट्या राहतात आणि स्वस्त प्रोजेक्टरवर त्या काळ्या न दिसता राखाडी दिसतात, त्यासाठी उरलेल्या मखमलीच्या दोन पट्ट्या वेल्क्रो लावून केल्या, पिक्चर बघून लावायच्या नाहीतर काढायच्या. प्रोजेक्टर माळ्याच्या कडेला खालून उलटा टांगला, तिथून भिंत बरोबर १० फूट, पंख्याची पाती पण प्रकाशात येत नाहीत आणि किस्टोन (तिरकं पडलेलं चित्र सरळ करायची सोय) वापरावा लागला नाही. किस्टोन शक्यतो टाळाच, चित्र चौकोनी दिसतं पण पिक्सेल वाया जातात.

आवाजाचं सांगायचं तर पहिल्या दिवशी मी निराश झालो होतो. रिकाम्या भिंती, वर स्लॅब, टाळी वाजवली की टण्ण करून आवाज परत यायचा आणि बोलणं काही कळायचं नाही. ध्वनिशोषक पॅनेलचे भाव विचारले आणि गप्प बसलो. आईने कपाटातून चार गोधड्या काढून दिल्या, तिच्या जुन्या नऊवारींच्या, तिने आणि माझ्या मावशीने शिवलेल्या, आणि म्हणाली, भिंतीलाच लावायच्या आहेत ना, मग ह्या लाव, पेटीत सडून राह्यल्या. दोन्ही बाजूच्या भिंतींवर लाकडी पट्टी ठोकून, भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवून टांगल्या. त्याच संध्याकाळी टाळी मेली. बोलणं स्वच्छ. जाड कापड वरचा आवाज खातं, बेस खात नाही, त्यामुळे सबवूफर (बेसचा स्पीकर) मात्र घुमतच होता. १३ फुटाच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतीभिंतीत फुगतो, आणि सब कोपऱ्यात ठेवला तर आणखीच. त्यावर फुकटचा उपाय आहे: सब आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, बेसवालं गाणं लावायचं आणि जमिनीवर रांगत फिरायचं, जिथे बेस आटोपशीर ऐकू येईल तिथे सब ठेवायचा. माझी जागा दारामागे निघाली.

जानेवारी ते मार्च, मी अगदी खूश होतो. त्या वेळी लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो.

मग गुढीपाडवा झाला आणि कूलर बसवला.

खोलीला खिडकी एकच. कूलर तिथेच. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती बाहेर जायला वाट लागते नाहीतर खोली नुसती दमट होते, म्हणजे दार उघडं ठेवणं आलं. दार उघडं म्हणजे उजेड आला, खिडकीचा पडदा लागत नाही म्हणजे आणखी उजेड, आणि पंख्याचा आवाज एवढा की आवाज दहा घर वाढवल्याशिवाय ऐकू येत नाही. थिएटरला बंद खोली लागते आणि कूलरला उघडी. हे दोन्ही एका खोलीत बसत नाही, हे मी डिसेंबरच्या थंडीत बसून आखणी केली तेव्हा डोक्यातच आलं नाही. दुपारचं बघणं बंदच झालं.

१८ एप्रिलला रात्री एका अंधाऱ्या सीनमध्ये पडद्याच्या डाव्या बाजूला, वरून फूटभर खाली, रुपयाएवढा धुकट पांढरा डाग दिसला. उजळ सीन आला की गायब. लेन्स पुसली, तसाच. मी उठून भिंतीवर पेन्सिलने त्याच्याभोवती गोल काढला आणि बाजूला तारीख टाकली. २६ तारखेला दुसरा दिसला. मेच्या पहिल्या आठवड्यात तिसरा, आणि पहिला गोलाच्या बाहेर आला. घरात बाकी कोणाला तो डाग खुपत नव्हता, बायको म्हणायची, अहो पिक्चर बघा ना, डाग काय बघता. पण मला पिक्चर दिसेचना, रात्रीचा सीन कधी येतो आणि डाग कधी उठतो एवढंच दिसायचं.

वॉरंटी एक वर्षाची. जवळचं सर्व्हिस सेंटर पुण्यात, कुरियर माझ्या खर्चाने, ६४० रुपये. १९ दिवस ठेवून घेतला, रोज वेगळा माणूस फोन उचलायचा, रोज पहिल्यापासून सांगायचं. शेवटी उत्तर आलं की आत धूळ आणि ओलावा गेलाय, हे वॉरंटीत बसत नाही, पूर्ण ऑप्टिकल इंजिन (चित्र तयार करणारा आतला भाग) बदलावं लागेल, ७,२०० रुपये. १८,९९० च्या मशीनला सहा महिन्यात ७,२००! मी म्हटलं, साफ तरी करून द्या. तर म्हणे आम्ही साफ करत नाही, बदलतो. जसा गेला तसा परत मागवला. त्या रात्री मी या कंपनीबद्दल जे लिहून ठेवलं होतं ते फार कडक होतं, बरं झालं पाठवलं नाही.

कारण नंतर तिलक रोडजवळच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने माझ्यासमोर उघडला. आतल्या छोट्या पंख्याच्या पात्यांवर पांढरट थर होता, मला वाटलं धूळ. त्याने नखाने खरवडला तर खपली निघाली, बादलीच्या कडेला बसते तशी. ती बोटावर घेऊन मला दाखवत म्हणाला, "भाऊ, धूळ नाही हे. हा खार आहे. कूलरमध्ये बोअरचं पाणी टाकता का?"

टाकतो. नळ रोज येत नाही, काटेपूर्णेचं पाणी प्यायला पुरवायचं, कूलरला बोअरचंच. आणि आमची बोअर खारी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला, अमरावती, बुलडाण्याला खारपाणपट्ट्याचं पाणी काय करतं ते सांगायला नको, नळाच्या तोट्या दोन वर्षात पांढऱ्या होतात. कूलरमधून पाणी उडून जातं, क्षार ताटीत (पाणी झिरपणाऱ्या जाळीत) राहतात, पंपाचा जोर जास्त असला की बारीक तुषार हवेबरोबर बाहेर पडतात आणि ते क्षार घेऊनच पडतात. माझा कूलर खिडकीत, त्याचा झोत सरळ माळ्याकडे, आणि प्रोजेक्टर तिथेच उलटा टांगलेला, तोंड उघडं टाकून ती हवा ओढतोय. स्वस्त एलईडी प्रोजेक्टरमध्ये गार करायची हवा एलसीडीच्या पॅनेलवरूनच फिरते, सीलबंद इंजिन असलेल्यांमध्ये तसं होत नाही.

म्हणजे कंपनीचं म्हणणं अर्धं खरं होतं. ओलावा गेला होता आणि तो माझ्या खोलीतलाच होता. पण अर्धा राग अजून आहे आणि तो मी मागे घेणार नाही. हवा आत घ्यायच्या जाळीवर साधा स्पंजचा फिल्टर नाही, असला तर वीस रुपयांची गोष्ट आहे. पुस्तिकेत लिहिलंय ३५ अंशापर्यंत वापरा. २०२४ च्या मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर होता, उन्हामुळे जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. इथे विकायचं आहे तर इथली हवा धरून बनवा ना.

दुरुस्तीवाल्याने हवा मारायच्या रबरी फुग्याने आणि मऊ ब्रशने साफ केलं, ७०० घेतले. दोन डाग गेले. पहिला फिका झाला पण राहिला, पोलरायझरच्या (आतल्या प्रकाश गाळणाऱ्या) फिल्मवरच तो बसलाय म्हणाला, जास्त घासलं तर फिल्म जाईल. मी घासू नका म्हटलं.

जूनमध्ये परत टांगला तो वेगळ्या पद्धतीने. प्लायची पेटी, पुढे काच, बाजूने हवा आत यायला कारच्या एसीचा केबिन फिल्टर बसवला, ३५० चा मिळाला, आणि मागे कॉम्प्युटरचे दोन १२ व्होल्टचे पंखे हवा बाहेर फेकायला. पेटी करताना एकच लक्षात ठेवा, बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा लहान ठेवू नका, नाहीतर प्रोजेक्टर तापून बंद पडतो, माझा पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांत पडला. मागचं भोक मोठं केल्यावर नाही पडला. पेटीमुळे प्रोजेक्टरच्या पंख्याचा घूंऽऽ आवाज पण निम्मा झाला, हे मनात नसताना मिळालं.

२९ जूनला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. खोलीत आम्ही ११ जण, गाद्यांवर, माळ्याच्या शिडीवर, दारात. शेवटच्या ओव्हरला सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा कॅच घेतला, चेंडू आत फेकला, स्वतः बाहेर गेला, परत आत येऊन पकडला. रीप्लेमध्ये त्याचा बूट आणि दोरी आमच्या भिंतीवर हातभर मोठे दिसत होते, शेजारचे काका उठून भिंतीजवळ गेले आणि बोट लावून म्हणाले, नाही लागला, नाही लागला! ७ धावांनी जिंकलो. त्या रात्री मला डाग एकदाही दिसला नाही, दुसऱ्या दिवशी आठवलं.

आणि आई. तिला मोतीबिंदू झालाय, टीव्हीवरचं तिला कळत नाही म्हणून ती समोर बसायचीच नाही. तिला वर आणणं म्हणजे १८ पायऱ्या, दोघांनी धरून. पहिल्यांदा आली तेव्हा चेहरे दिसले तिला. नाकडोळे. जत्रेत तंबूत सिनेमा यायचा त्याचं सांगत बसली, बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला, आणि मधेच रीळ तुटली की सगळे ओरडायचे. मग भिंतीकडे बघून म्हणाली, माझी ही गोधडी किती चांगली दिसून राह्यली. आता दर रविवारी वर येते. हिशेबात हे कुठे मांडायचं मला माहीत नाही, पण ५० हजार मी आईसाठीच खर्च केले असं आता वाटतं.

हिशेब मात्र फिसकटला. डिसेंबरात सगळं मिळून ४५,४३० झालं होतं. कुरियर, दुरुस्ती, पेटी धरून ४८ हजाराच्या आसपास, तोपर्यंत ठीक. पण ऑगस्टमध्ये सीझन उतरल्यावर एक टनाचा जुना स्प्लिट एसी घेतला, बसवणुकीसकट १४,५००. मी एसीच्या विरोधातला माणूस आहे, आमच्या घरात कधी नव्हता, बिल बघवत नाही. पण बंद खोली, अंधार, कोरडी हवा, आवाज कमी, चारही गोष्टी एकदम मिळतात आणि कूलरने यातली एकही मिळत नाही. आता नव्याने केलं असतं तर आधी जुना एसी घेतला असता, मग त्यातून उरलेल्या पैशात सीलबंद इंजिनचा प्रोजेक्टर, मग तो ७२० पी मिळाला असता तरी चाललं असतं. साउंडबार एक वर्ष थांबला असता, गोधड्या होत्याच.

पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला थोडी ओल आली, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात रंग फुगलाय. तेवढंच खरवडून परत रंगवणार आहे दिवाळीआधी. बायको म्हणते सगळीच भिंत रंगवा, त्या पेन्सिलच्या रेघा तरी जातील. डाव्या बाजूला आता पाच गोल आहेत, तारखांसकट, शेवटचा १४ जूनचा. परवा रात्री सगळे दिवे घालवून, पूर्ण काळं चित्र लावून भिंतीशी उभा राहून बघितलं. डाग गोलाच्या आतच आहे. केबिन फिल्टर काढला तो राखाडी झालेला, झटकून परत लावला. भिंतीचा तो भाग मी पुढचा मे संपेपर्यंत रंगवणार नाही.