ऑर्किडसाठी कुंभारवाड्यातली भोकांची कुंडी

धारावीच्या कुंभारवाड्यातून एप्रिलमध्ये डेंड्रोबियम या ऑर्किडसाठी 6 इंची मातीच्या कुंड्या आणल्या. रंग न लावलेल्या, बाजूने अंगठा जाईल एवढी भोकं असलेल्या. उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढून झाल्यावर लिहितेय: मुंबईच्या हवेत डेंड्रोबियमला याहून चांगली कुंडी मला मिळालेली नाही.

ऑर्किड म्हणजे बांडगूळ नव्हे. ते फांदीला नुसतं धरून राहतं, झाडाचा रस पीत नाही. उघड्यावर वाढणाऱ्या त्या मुळांना पाण्याइतकाच वारा लागतो. जुलैत आमच्या मुलुंडच्या बाल्कनीत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे प्लास्टिकच्या कुंडीत ठासून भरलेला काथ्या कधी सुकणार? मग मुळं कुजतात. या कुंडीत वारा चहूबाजूंनी शिरतो, शिवाय भाजलेली माती ओल शोषून बाहेर टाकते. आत मी कोळसा आणि विटेचे तुकडे भरले, वर नारळाच्या सोडणाचे थोडे तुकडे. सप्टेंबरात एका भोकातून मूळ बाहेर आलं. टोक हिरवंगार, मागचा भाग चंदेरी पांढरा. पाणी मारलं की तो पांढरा भाग बघता बघता हिरवा होतो, कारण मुळावरचं स्पंजासारखं आवरण पाणी पितं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. सकाळची कितीही घाई असो, ते बघितल्याशिवाय मी आत जात नाही.

मे महिन्यात मात्र सकाळचं पाणी दुपारपर्यंत उडून जातं, दोन वेळा द्यावं लागतं. म्हणून फॅलेनॉप्सिस हे दुसरं ऑर्किड मी यात लावणार नाही. त्याला पाणी साठवायला डेंड्रोबियमसारखी जाड खोडं नसतात. ते पारदर्शक कुंडीतच बरं.

आठवड्याला 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरभर पाण्याला 1 ग्रॅम देते. त्याचे क्षार कुंडीवर पांढरे फुटतात, ते ब्रशने घासले की जातात.

घेताना टिचकी मारून बघा, ठणठणीत वाजली पाहिजे. भोकांच्या आतून बोट फिरवा. माझ्या दोन कुंड्यांच्या कडा धारदार होत्या, त्या पॉलिश पेपरने घासून घ्याव्या लागल्या. टांगायची असेल तर काठाला तारेसाठी तीन भोकं असलेलीच मागा. सायन स्टेशनवरून चालत जाता येतं, पण लोकलने आणणार असाल तर गर्दीची वेळ टाळा.