टिमकी, टिपण की तीन ओळी? लिहायला बसलेल्या नाशिकच्या वकिलासाठी

सनद मिळून चार-सहा वर्षे झाली, पक्षकार येऊ लागले, की आपणही काही लिहावे असे बहुतेक वकिलांना वाटू लागते. वृत्तपत्रातले सदर, मोबाइलवर फिरणारा लेख, बार असोसिएशनच्या अंकातली दोन पाने, कुठेही. पुढ्यात तीन वाटा असतात. स्वतःची टिमकी वाजवणारा लेख, कायदा समजावणारे टिपण, आणि फारसे कुणी विचारात न घेतलेला हायकू, म्हणजे जपानी वळणाची तीन ओळींची कविता. पहिली वाट सोपी वाटते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

टिमकीचा हिशेब

नमुना सर्वांच्या ओळखीचा आहे: ‘गेल्या 18 वर्षांच्या प्रदीर्घ अनुभवाच्या जोरावर आम्ही सादर केलेल्या अभ्यासपूर्ण युक्तिवादामुळे अखेर ऐतिहासिक न्याय मिळाला.’ यातला प्रत्येक शब्द लिहिणाऱ्याविषयी आहे. दावा कशाचा, कलम कोणते, समोरच्याचे म्हणणे काय आणि ते का फेटाळले गेले, यातले काहीच नाही. वाचणारा शेतकरी असो वा दुसरा वकील, त्याच्या हाती काही लागत नाही. टाकळीला बारा वर्षे तपश्चर्या केलेल्या समर्थांनी आत्मस्तुतीला मूर्खाच्या लक्षणांत बसवले, ते उगाच नाही.

पण अभिरुचीपेक्षा मोठी अडचण नियमाची आहे. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36 वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करू देत नाही. परिपत्रके, दलाल, वैयक्तिक संपर्क, वृत्तपत्रांत बातमी पेरणे, हे सगळे त्यात येते. ज्या प्रकरणात आपण काम केले त्यासंदर्भात स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध करून घेणेही येते. म्हणजे निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर काढलेला विजयी फोटो थेट नियमाच्या शब्दांतच सापडतो. पाटीवर किंवा लेटरहेडवर आपण अमुक संघटनेचे अध्यक्ष होतो, अमुक कामात तज्ज्ञ आहोत, हेही लिहायचे नाही. 2008 च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, पात्रता, कामाचे क्षेत्र अशी ठरवून दिलेली माहिती देता येते. मात्र त्या यादीत स्वतःच्या मनाने भर घातली की पुन्हा नियमभंग. गंमत अशी, की ‘कामाचे क्षेत्र’ संकेतस्थळावर चालते, पण तेच तज्ज्ञतेच्या थाटात पाटीवर चालत नाही.

‘सगळेच करतात’ हा बचाव आता तोकडा पडतो. वकिली हा व्यापार नाही आणि खटला हा माल नाही, हे सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी महाराष्ट्र बार कौन्सिल विरुद्ध दाभोळकर या प्रकरणात 1975 मध्येच सांगून ठेवले. ते प्रकरण मुंबईच्या फौजदारी कोर्टाबाहेर पक्षकारांवर तुटून पडणाऱ्या वकिलांचे होते. हल्ली ती झुंबड मोबाइलच्या पडद्यावर आली, एवढाच फरक. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन जाहिरातींवर बोट ठेवले. मार्च 2025 मध्ये बार कौन्सिलने समाजमाध्यमांतल्या प्रचारी व्हिडिओंविरुद्ध पत्रक काढले. तक्रार सिद्ध झाली तर अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द, यांपैकी काहीही होऊ शकते.

टिपण: मेहनत जास्त, उपयोगही जास्त

नाशिक जिल्ह्यात विषय शोधायला लांब जावे लागत नाही. द्राक्षे तोडून नेणारा व्यापारी चेक देतो आणि तो वटत नाही, हे दुखणे निफाड-दिंडोरीला नवे नाही. त्यावर सहाशे शब्दांत काय सांगता येते, ते पाहा. चेक त्यावरील तारखेपासून 3 महिन्यांच्या आत बँकेत भरलेला हवा. तो न वटल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस व्यापाऱ्याला पैसे देण्यासाठी. ते संपल्यावर 1 महिन्यात तक्रार. तक्रारीला उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून तो माफ होऊ शकतो, नोटिशीच्या 30 दिवसांना मात्र ही सवलत नाही. आणि शेतकऱ्याला सर्वांत दिलासा देणारी गोष्ट: 2015 च्या दुरुस्तीनंतर, चेक आपल्या खात्यात भरला असेल तर खाते ज्या शाखेत, तिथल्या कोर्टात तक्रार चालते. व्यापारी दिल्लीचा असला तरी पिंपळगावच्या शेतकऱ्याला दिल्ली गाठावी लागत नाही.

अशा टिपणात ‘मी’ला जागा उरत नाही. ती मुद्दाम करावी लागते.

टिपण फसते ते दोन ठिकाणी. एक म्हणजे तारीख. 1 जुलै 2024 पासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा, तिन्ही कायदे बदलले. जुन्या कलमांचे टिपण आजही फिरत राहिले तर ते दिशाभूल करते. म्हणून माथ्यावर ‘अमुक तारखेची स्थिती’ असे लिहायचेच. दुसरे म्हणजे शेवटचा परिच्छेद. पाचशे शब्द सरळ लिहून झाले की हात शिवशिवतो आणि ‘अधिक मार्गदर्शनासाठी संपर्क साधा’ ही ओळ येते. त्या एका ओळीने अख्खे टिपण पुन्हा नियम 36 च्या दारात नेऊन उभे केले जाते.

हायकू: टिमकीवरचे औषध कसे लागू पडते

मूळ जपानी हायकू 5-7-5 ध्वनिमानांचा. त्यात ऋतूची खूण देणारा एक शब्द असतो आणि मध्ये एक छेद, ज्याच्या अलीकडे-पलीकडे दोन चित्रे शेजारी ठेवलेली असतात. मराठीत तो रुजवला शिरीष पै यांनी. मराठीत कुणी 5-7-5 अक्षरे मोजतात, कुणी तीनपैकी दोन ओळींत यमक साधतात. मोजणीत एक फरक लक्षात ठेवावा. जपानीत दीर्घ स्वर दोनदा मोजला जातो, म्हणजे ती मोजणी आपल्या मात्रांच्या जवळची. ‘छाटणी झाली’ ही अक्षरांनी 5, पण मात्रांनी 9. मराठी अक्षरहायकूला जपानीपेक्षा ऐसपैस जागा मिळते. तरीही सतरा अक्षरांत ‘प्रदीर्घ अनुभव’ मावला, तर दुसरे काही मावत नाही.

आता फसलेला हायकू पाहा:

मी उभा होतो
कोर्ट झाले अवाक
जिंकला दावा

अक्षरे बरोबर, हायकू नाही. तिन्ही ओळी निष्कर्ष सांगतात, दिसत काहीच नाही. कोर्ट अवाक झाले हे कुणी पाहिले? त्याच दालनात मागच्या बाकावर काय दिसते ते लिहिले तर:

तारीख पुढे —
पिशवीत शिदोरी
तशीच बंद

इथे वकील नाही, पण कोर्ट आहे. ऋतुशब्दांची नाशिकमध्ये ददात नाही: ऑक्टोबर छाटणी, उन्हाळ कांदा, रंगपंचमीची रहाड म्हणजे रंगाचा हौद, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढलेले गोदेचे पाणी. चेकच्या टिपणाचाच विषय घेतला तर:

छाटणी झाली —
गेल्या द्राक्षांचा चेक
फायलीतच

रीत अशी. कोणताही लेख लिहून झाला की आधी त्यातले मी, माझे, आम्ही, आमचे खोडा. मग ऐतिहासिक, यशस्वी, अभ्यासपूर्ण ही विशेषणे खोडा. उरलेल्यातून डोळ्यांना दिसेल किंवा कानाला ऐकू येईल अशा दोन गोष्टी निवडा आणि तीन ओळी जुळवा. अर्ध्या तासात दोन गोष्टीही सापडल्या नाहीत, तर लेखात मजकूर नव्हताच. तो बाजूला ठेवा. सापडल्या तर हायकू वहीत राहू द्या आणि लेख नव्याने लिहा. प्रत्येक हायकू प्रसिद्ध केलाच पाहिजे असे नाही.

नव्या हाताची नेहमीची चूक म्हणजे तिसऱ्या ओळीत उपदेश. ‘न्यायाला उशीर, हाच अन्याय’ असे काही सुचले की ते सुभाषित झाले. दुसरी चूक चारोळीची: टाळी मिळवणारे यमक शोधताना चित्र हरवते.

तीन ओळींतले धोके

छोटा आहे म्हणून हायकू निरुपद्रवी असतो, हा गैरसमज. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 खाली संरक्षित आहे, ती कवितेतही फोडता येत नाही. सिन्नर, येवला, निफाड अशा तालुका कोर्टांत तर गावाचे नाव आणि दाव्याचा प्रकार एवढ्यावरून माणूस ओळखला जातो. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, आणि तिथे ‘ही कविता होती’ म्हणून सुटका नाही. न्यायाधीशांवरच्या तिरकस तीन ओळी 1971 च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कक्षेत जाऊ शकतात. म्हणून माणसांपेक्षा वास्तूकडे पाहणे बरे:

पाऊस आला
बार रूमच्या दारी
छत्र्यांचा ढीग

चालू प्रकरणातून सुचलेले काहीही, कितीही जमले असले तरी, निकाल लागून अपिलाची मुदत सरेपर्यंत वहीतच.

मग काय निवडावे?

नवा वकील असाल आणि लोकांना उपयोग व्हावा असे वाटत असेल, तर बाहेर टिपण आणि घरात हायकू. ज्याला मुळात कवितेची ओढ नाही, त्याने हायकू प्रसिद्ध करण्याच्या फंदात पडू नये. खोडण्याची रीत तेवढी घ्यावी, तीही पुष्कळ झाली. ज्याचा हात जमला आहे, त्याने दिवाळी अंकाला पाठवावेत, खाली फक्त नाव. ‘ॲड.’ ही उपाधीही तिथे गाळली तरी बिघडत नाही. फोन नंबर आला की ती कविता राहत नाही, पाटी होते. टिमकीचा लेख कुणासाठी योग्य, याचे उत्तर शोधूनही मिळत नाही. अपवाद एकच: बार असोसिएशनने निवृत्तीच्या वेळी मागितलेला परिचय, आणि तोही दुसऱ्याने लिहिलेला.

वेळापत्रक बसवायचे तर चेकचे टिपण डिसेंबरअखेर तयार ठेवा. जानेवारी ते मार्च द्राक्षांची काढणी चालते आणि व्यापाऱ्यांचे चेक त्याच दिवसांत हातात पडतात. मेच्या सुट्टीत निघालेले टिपण वाचेपर्यंत बऱ्याच जणांचे 30 दिवस उलटून गेलेले असतात. सुट्टी वहीसाठी ठेवा.