तळोज्याला कोळसा: हायवा की रेक?

तळोजा एमआयडीसीत बॉयलरवर चालणारे कारखाने बरेच. कोळसा आणायचा कसा, हायवाने (टिपर ट्रकने) की रेकने (अख्ख्या मालगाडीने), यावर आमच्या धंद्यात रोज वाद होतो.

आधी हिशेब. बॉक्सएन या उघड्या वाघिणींचा एक पूर्ण रेक म्हणजे ५८-५९ वाघिणी, साडेतीन ते चार हजार टन माल. दहाचाकी हायवाचं गाडीसकट कायदेशीर वजन २०१८ पासून २८.५ टन, म्हणजे निव्वळ कोळसा १८ टनांच्या आसपास. एका रेकसाठी दोनशेच्या आसपास खेपा! मुंब्रा-पनवेल रस्त्यावर त्या सोडा, मग बघा. ताडपत्रीची एक कड सुटली की मागच्या दुचाकीवाल्याचा शर्ट काळा.

म्हणून रेल्वे? दिवा-पनवेल मार्ग शेजारूनच जातो, पण रूळ कारखान्याच्या फाटकापर्यंत येत नाहीत. स्वतःची साइडिंग, म्हणजे कारखान्यापर्यंतचा खासगी फाटा, नसेल तर माल यार्डात उतरवायचा, लोडरने भरायचा आणि शेवटी हायवातच घालायचा. दोनदा हाताळणी, दोनदा चुरा. शिवाय रेक लागला की घड्याळ सुरू. ठरल्या वेळेत रिकामा झाला नाही तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. एकदा पावसात ओला कोळसा वाघिणीला असा चिकटला होता की माणसं आत उतरून फावड्याने खरवडत होती.

माझं मत विचाराल तर रोज शंभर टन जाळणाऱ्याने रेल्वेचा विचारच करू नये. हजारांत असाल तर साइडिंगवर पैसे घाला, आणि वॅगन टिपलर (वाघीण उलटी करून रिकामी करणारं यंत्र) बसवायलाही हात आखडू नका.