डांबरी रस्त्यासाठी घोड्याचे बूट: आधी गुडघा, मग टाच, नळी शेवटी

चार बुटांचा सेट, आतून लोकरीचं अस्तर, बाहेरून चकचकीत पट्टे. साजाच्या दुकानात नवखा मालक बहुतेकदा हाच उचलतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घोडा घेऊन शहादा किंवा दोंडाईच्याच्या रस्त्याला लागणाऱ्याला मात्र या सेटचा उपयोग सर्वांत कमी. नळीचे, म्हणजे गुडघ्याखालच्या सरळ हाडाभोवती बांधायचे हे बूट आखाड्यात, उडीच्या सरावात किंवा शेतातल्या वळणावळणाच्या दौडीत कामाचे. डांबरावर घोडा जखमी होतो तो बहुधा पुढच्या गुडघ्यांवर पडून, नाहीतर मागच्या खुराने पुढची टाच कापून. म्हणून इथे बुटांचा विचार त्याच क्रमाने केला आहे.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला मांस जवळजवळ नसतंच. पातळ कातडी आणि तिच्याखाली लगेच हाड व सांधा. लोखंडी नाल गुळगुळीत झालेल्या डांबरावर सरकते, आणि उतारावर किंवा गतिरोधकाच्या रंगवलेल्या पट्ट्यावर घोडा अडखळला की पूर्ण वजन या जागेवर येतं. मुरमावर ओरखडा उठेल तिथे डांबरावर गुडघा फुटतो.

गुडघ्याचे बूट दोन प्रकारचे. एक मोठा, भोवती जाड कापड किंवा लोकर असलेला. तो ट्रकमधून घोडा नेताना घालायचा. दुसरा हलका, नुसती चामड्याची फुगीर वाटी, आत नमद्याचं (दाबून केलेल्या लोकरीचं) किंवा फोमचं अस्तर आणि दोन पट्टे. स्वारीसाठी हाच घ्यावा. मोठ्या बुटात घाम साचतो आणि कापड चालताना दुमडतं. आपल्याकडचा चामडी साज बराचसा कानपूरचा असतो आणि तिथलं काम चांगलंच आहे, तरी प्रत्येक नग हातात घेऊन तपासावा. अंगठ्याने जोर लावल्यावर वाटी दबली तर ती पडताना काहीच वाचवणार नाही. शिलाई वाटीच्या कडेला असावी. गुडघ्याच्या मध्यावर शिवण आली की ती घासते. वरच्या पट्ट्यात इलॅस्टिकचा तुकडा हवाच; तो नसेल तर पट्टा एक तर काचतो किंवा सरकतो.

बांधताना सर्वांत जास्त चूक इथेच होते. वरचा पट्टा गुडघ्याच्या वर, पाय निमुळता होतो तिथे, आत एक बोट जेमतेम जाईल इतका घट्ट. खालचा पट्टा मात्र सैल, तीन-चार बोटं सहज जातील इतका. त्याचं काम बूट उलटून वर जाऊ नये एवढंच. बूट हलतोय असं पाहून बरेच जण खालचा पट्टाही आवळतात. मग गुडघा पूर्ण वाकत नाही, घोडा पाय कमी उचलतो आणि ठेच खातो. म्हणजे पडण्यापासून वाचवायला घातलेला बूटच त्याला पाडतो. बक्कल नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूला, पट्ट्याचं टोक मागे. बांधून झालं की पाय उचलून खूर कोपराकडे जाईपर्यंत दुमडून पाहा. खालचा पट्टा ताणला गेला तर एक भोक सैल करा. दहा मिनिटं चालवल्यावर नमदा बसतो, तेव्हा वरचा पट्टा पुन्हा एकदा तपासा.

खान्देशातल्या उन्हात चामडं लवकर वाळतं आणि पट्टा बक्कलच्या भोकापाशी आधी तडकतो. स्वारीनंतर ओल्या फडक्याने घामाचं मीठ पुसून सावलीत वाळवावं, अधूनमधून तेलाचा हलका हात फिरवावा. तेल थापलं तर वाटी मऊ पडते.

आता टाच. दुडक्या चालीत मागचा पाय लांब पडला की त्याच्या नालेची पुढची कड पुढच्या पायाच्या टाचेत बसते. त्यावर उपाय बेल बूट, म्हणजे खुराभोवतीची रबरी घंटी. ओढून चढवायचे बूट वेल्क्रोच्या बुटांपेक्षा जास्त टिकतात, पण घालायला त्रास. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून उलटे करावेत, मग खुराच्या टोकावरून ओढावेत. वेल्क्रोचे पटकन निघतात, पण पावसाळ्यात काळी माती वेल्क्रोत भरली की रस्त्यातच सुटतात. घालावे तर दोन पट्ट्यांचे घ्यावेत. माप असं पाहावं: वर, खुराच्या लगेच वरच्या बारीक भागाभोवती एक बोट सरकावं, मागे टाचेचे दोन्ही फुगवटे पूर्ण झाकले जावेत, घोडा उभा असताना मागची कड जमिनीपासून साधारण एक सेंटिमीटर वर राहावी. त्याहून लांब असेल तर मागचा पाय त्यावर पडतो आणि घोडा स्वतःलाच अडकवतो. आखूड असेल तर झाकायची जागाच उघडी. काही बुटांना आतून मागे एक गोळा असतो, तो टाचेच्या खळग्यात बसून बूट फिरू देत नाही. थोडे महाग पडले तरी असेच घ्यावेत. कड फाटून लोंबू लागली की बूट टाकून द्या, शिवू नका.

मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांपैकी जे रेवाल चालतात, त्यांचे एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर पडतात. अशा चालीत मागचा पाय तिरका जाऊन विरुद्ध बाजूच्या पुढच्या पायाला लागू शकतो, म्हणून बेल बूट फिरून आतली बाजू उघडी पडत नाही ना हे मुद्दाम पाहावं.

नळीचे ब्रशिंग बूट, म्हणजे चालताना एक पाय दुसऱ्याला आतून घासतो त्यापासून वाचवणारे, प्रत्येक घोड्याला लागत नाहीत. लागतात का हे कळायला सोपी युक्ती आहे. चारही खुरांच्या आतल्या कडेला ओला गेरू लावा, घोडा सरळ रेषेत चालवा, मग दुडकवा. शेजारच्या पायावर आतून लाल डाग उठला तर तो पाय घासतो. डाग उठला तरी आधी नालबंदाला बोलवा. नाल आतल्या बाजूला रुंद बाहेर आली असेल, खिळ्याचं मुरडलेलं टोक वर उठलं असेल, खुराचं टोक वाढलं असेल, तर दोष तिथे आहे. टोक वाढल्याने ठेचही लागते आणि मागचा खूर टाचेवरही पडतो. नाल साधारण सहा आठवड्यांत काढून खूर तासून घ्यावेच लागतात. दुकानदार सांगो वा न सांगो, याला बूट हा पर्याय नाही.

तरीही घासत असेल तर बूट घ्या, पण लोकरीच्या अस्तराचे नकोत. रस्त्याकडेच्या गवतातली कुसळं आणि गोखरू त्यात अडकतात, आणि मैलभरात कातडी सोलली जाते. छिद्रांचं निओप्रीन (फोमसारखं मऊ रबर) आणि आतल्या बाजूला कडक पट्टी असलेले बूट बरे. घालताना थोडे वर ठेवून खाली सरकवा, म्हणजे केस सपाट बसतात. मधला पट्टा आधी, मग वरचा, मग खालचा. सगळ्यांचा ताण सारखा, एक बोट जाईल एवढा, आणि टोकं मागे. एकच पट्टा जास्त आवळला तर नेमकी मागची शीर, म्हणजे नळीमागची दोरीसारखी कंडरा (रक्तवाहिनी नव्हे), दाबली जाते. खालच्या कडेने नळीच्या खालचा सांधा आतून झाकावा, पण वाकताना अडवू नये. मागच्या पायांचे बूट पुढच्यांपेक्षा लांब असतात, अदलाबदल करू नये.

उष्णतेचा मुद्दा खान्देशात दुर्लक्षून चालणार नाही. भरधाव दौडीत घोड्याच्या या शिरेचा गाभा 45 अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याच्या नोंदी आहेत. त्यावर जाड निओप्रीन गुंडाळलं की ती उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही. जळगाव-भुसावळचा मे महिना आणि डांबराची धग त्यात मिळवा. उन्हाळ्यात पहाटेच स्वारी करावी, नळीचे बूट गरज असेल तरच घालावेत, आणि उतरताच काढून पायांवर गार पाणी सोडावं.

बुटांऐवजी पायांना कापडी पट्ट्या गुंडाळून रस्त्यावर जाऊ नये. सुटलेलं टोक पायात येतं, आणि भिजल्यावर पट्टी ढिली होऊन घसरते.

मापाबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. परदेशी बुटांवरचं ‘फुल’ हे माप 16 हात उंचीच्या (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे चार इंच), जाड हाडाच्या घोड्यांसाठी असतं. काठियावाडी साधारण 14.2 हातांचा, म्हणजे 14 हात 2 इंच, नळीला बारीक. त्याला एक माप लहानच बसतं. नळीचा मधला घेर आणि गुडघ्याखालपासून सांध्यापर्यंतची लांबी शिवणाच्या टेपने सेंटिमीटरमध्ये मोजून दुकानात न्या.

पहाटे किंवा वरातीहून परतताना रात्री चालणार असाल तर चारही पायांना चमकणाऱ्या पट्ट्या लावा. गाडीचा दिवा खाली पडतो आणि हलणारे पाय चालकाला लवकर दिसतात. उसाच्या ट्रॉल्यांच्या दिवसांत शहाद्याच्या बाजूला हे टाळूच नका.

बूट घालूनही गुडघा फुटला तर स्वच्छ पाण्यात मीठ घालून जखम धुवा, हळद किंवा राख भरू नका. पिवळसर, मधासारखा चिकट द्रव येत असेल तर सांधा उघडा झाला असण्याची शक्यता धरा. पशुवैद्याला त्याच तासाला गाठा. धनुर्वाताची लस कधी दिली होती हेही सांगा, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.