टाहो रिम ट्रेल: सम तारखेला सायकल, विषम तारखेला पायपीट

कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरील टाहो सरोवराभोवती फिरणाऱ्या टाहो रिम ट्रेलचा टाहो मेडोज ते टनेल क्रीक रोड हा सुमारे नऊ मैलांचा टप्पा मी दोनदा पार केला, एकदा विषम तारखेला पायी आणि एकदा सम तारखेला सायकलवरून. सरोवराच्या सौंदर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तिथल्या व्यवस्थेविषयी लिहायचे आहे.

सुमारे 165 मैलांच्या या वाटेवर सायकलला सरसकट परवानगी नाही. माउंट रोझसारख्या ‘वाइल्डरनेस’ म्हणजे निसर्ग मूळ रूपात जपण्यासाठी राखलेल्या क्षेत्रांत आणि ही वाट पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या पश्चिम अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या पायवाटेला मिळते त्या भागात सायकल पूर्णपणे वर्ज्य आहे. मी पार केलेल्या टप्प्यात मात्र ती फक्त सम तारखेला चालते, तर पायी चालणारे आणि घोडेस्वार कोणत्याही दिवशी येऊ शकतात. पुण्यातील सम-विषम पार्किंग पाहिलेल्या माणसाला हा नियम क्षणात कळतो. वार न ठरवता तारीख ठरवल्यामुळे बहुतेक वेळा शनिवार-रविवारपैकी एक दिवस सायकलस्वारांच्या वाट्याला येतो आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे चालू इच्छिणाऱ्यांना वाट मोकळी मिळते. नोकरदारांच्या दृष्टीने ही वाटणी मला अतिशय न्याय्य वाटली.

तारखेचा नियम सम दिवशीची वागणूक मात्र शिकवत नाही. पायी चालणाऱ्याला सायकलस्वाराने वाट द्यावी आणि घोड्याला दोघांनीही, हा तिथला रिवाज आहे. घोडा स्वभावतः भित्रा. मागून आवाज न करता वेगाने येणारी वस्तू त्याला शिकारी प्राण्यासारखी भासते आणि तो बिथरला तर अरुंद उतारावर स्वाराच्या जिवावर बेतू शकते. म्हणून दुरूनच हाक द्यावी, उताराच्या बाजूला उतरून उभे राहावे आणि स्वाराशी बोलत राहावे, म्हणजे समोर माणूसच आहे हे घोड्याला उमगते. मी स्वतः सायकलवर असताना एका आंधळ्या वळणावर तीन सायकलस्वार घंटी न वाजवता समोरून आले आणि त्यांच्या पुढ्यातून एक वृद्ध दांपत्य जेमतेम बाजूला झाले. तो प्रसंग आठवला की अजूनही अंगावर काटा येतो. अशा वळणांआधी वेग कमी करण्याची सूचना देणारे फलक हवेत, असे मला मनापासून वाटते.

दुसरी उणीव माहितीची आहे. ज्या दुकानातून मी सायकल भाड्याने घेतली, तिथे तारखेविषयी कोणीही विचारले नाही. मी स्वतः चौकशी केली नसती, तर दिवस वाया गेला असता.

सायकलने जाणाऱ्यांनी टनेल क्रीकला पोहोचल्यावर वेळ आणि दम शिल्लक असल्यास फ्लूम ट्रेलकडे वळावे. एकेकाळी नेवाडातील व्हर्जिनिया सिटी या गावाच्या खाणींकडे पाणी नेणाऱ्या लाकडी पन्हळीच्या मार्गावरची ही वाट तारखेच्या बंधनात येत नाही. तिच्या एका बाजूला खोल कडा आहे, त्यामुळे समोरून कोणी आले तर उतरून थांबणेच योग्य.

बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरातून, सहल आखणाऱ्या मराठी मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 31 तारीख आणि लगेच येणारी 1 तारीख या दोन्ही विषम असल्याने सायकलला सलग दोन दिवस बंदी असते. 2024 मध्ये लेबर डेच्या (अमेरिकेतील कामगार दिन, सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुट्टीतील शनिवार आणि रविवार नेमके याच तारखांना आले होते.