डिक्शनरी कोणती घ्यावी: मराठीतली, इंग्रजीतली की फोनच पुरे?

रावेरला केळीच्या पॅकिंगच्या कामाला लागलेल्या भाच्यानं विचारलं, "मामा, डिक्शनरी कोणती घेऊ?" घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, आता वर हे इंग्रजी. म्हटलं, तुझ्याच कामातले शब्द काढून बघ.

‘बंच’ काढला. इंग्रजी–मराठी कोशात घड, घोस, जुडगा. गडी खूश. पण दुकानात ‘अ बंच ऑफ बनानाज’ मागणाऱ्या इंग्रजाला पाच-सहा केळ्यांची फणी हवी असते, अख्खा घड नाही. मळ्यातल्या आणि निर्यातीच्या इंग्रजीत मात्र घड म्हणजे बंच, फणी म्हणजे ‘हँड’ आणि एकेक केळं ‘फिंगर’. छोट्या कोशात ‘हँड’ला हात सापडतो, फणी सहसा नाही, मग तो मराठीतला असो की इंग्रजीतला.

‘लेंड’ आणि ‘बॉरो’ला खरा फरक कळतो. आपण ‘उसनं’ एकच म्हणतो, देणं-घेणं पुढच्या क्रियापदावर सोडतो. मराठी कोश उसनं देणे, उसनं घेणे एवढं सांगून मोकळा होतो. शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी–इंग्रजी कोश पुढं जातो: बॉरो ‘फ्रॉम’, लेंड ‘टू’, आणि सोबत अख्खं वाक्य. माझ्या मते पैसे मोजायचे ते या वाक्यांसाठी. फोनला "पेन दे ना" सांगितलं की तो ‘गिव्ह मी’ करून मोकळा. त्या ‘ना’तली विनवणी इंग्रजीत ‘कुड आय बॉरो’नं येते.

शिकणाऱ्यांसाठीच्या या इंग्रजी–इंग्रजी कोशांत अर्थ साधारण दोन-तीन हजार सोप्या शब्दांतच सांगतात, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण तेवढेही शब्द येत नसतील तर दर ओळीला अडखळायला होतं. शिवाय झाडं-पाखरांना तो कुचकामी. ‘पार्ट्रिज’ला तो तपकिरी, गुबगुबीत, शिकारीचा पक्षी म्हणतो, मराठी कोश एका शब्दात तितर म्हणून सांगतो.

भरताच्या वांग्याचं आणखी वेगळंच. आपल्याकडं ब्रिंजल, इंग्लंडात ऑबर्जीन, अमेरिकेत एगप्लांट. माल कुठं जाणार ते आधी बघायचं.

तर बारावीपर्यंतचं इंग्रजी कच्चं असेल तर आधी मराठी कोश. पत्रं-मेल लिहायची वेळ आली की इंग्रजी–इंग्रजी. फोन आलेला मजकूर वाचायला ठीक, पाठवायचा लिहायला नको.

भाच्यानं सध्या मराठीच घेतलाय. त्यात ‘हँड’समोर पेन्सिलनं ‘फणी’ लिहून ठेवलंय.