दीक्षावरचे निष्ठा कोर्स : आयसीटी आणि शालेय नेतृत्व, करायचे की नाही

पवित्र पोर्टलवरून (शिक्षक भरतीचं सरकारी पोर्टल) नवीन लागलेली मंडळी सारखं विचारतात, सर ते निष्ठाचे (सरकारच्या शिक्षक प्रशिक्षणाचे) कोर्स खरंच कामाचे आहेत का नुसतं सर्टिफिकेटपुरतं सगळं. एकेकाला व्हॉट्सॲपवर टाइप करत बसण्यापेक्षा इथं एकदाच लिहितो, आणि सगळ्या मॉड्यूल्सबद्दल नाही तर फक्त दोनच, शिकवण्यात आयसीटीचा (म्हणजे संगणक, मोबाइल, इंटरनेट असल्या तंत्रज्ञानाचा) वापर आणि शालेय नेतृत्व. बाकीचे तुमचे तुम्ही बघा.

आधी ॲपबद्दल थोडं. दीक्षा, म्हणजे हे कोर्स ज्यावर आहेत ते सरकारी शिक्षण ॲप, ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालं, फुकट आहे, आणि बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं हे आता पालकांनाही माहितीये. (क्यूआरचा विषय निघालाच आहे तर, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जि.प. शाळेत डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर जोडले होते, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांनाच मिळालं, म्हणजे हे खूळ काही वरून खाली आलेलं नाही.) मला सगळ्यात आवडतं ते डाउनलोड. घरी वायफायवर उतरवून घ्यायचं आणि शाळेत रेंज नसली तरी चालवायचं, डोंगरातल्या शाळेवर असाल तर हे एकच कारण पुरे आहे.

आता कोर्स. निष्ठा ऑगस्ट २०१९ मध्ये आली तेव्हा समोरासमोरचं प्रशिक्षण होतं, देशभरातले ४२ लाख प्राथमिकचे शिक्षक आणि मुख्याध्यापक वगैरे टार्गेट होतं, मग कोरोना आला आणि ऑक्टोबर २०२० पासून सगळं दीक्षावर गेलं. एकेक मॉड्यूल तीन-चार तासांचं. मराठीतून आहे, भाषा जरा सरकारी आहे, 'अध्ययनार्थी' वगैरे, पण चालतं.

आयसीटीचं मॉड्यूल मला खरंच आवडलं. कारण ते बटणं शिकवत नाही. आधी आशय काय आहे बघा, मग तुमच्या वर्गाची परिस्थिती, मग शिकवायची पद्धत, आणि या सगळ्यात बसेल असंच साधन निवडा, हा त्याचा क्रम. ऐकायला साधं वाटतं पण आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, टीव्ही आलाय ना मग लावा काहीतरी. अपूर्णांक शिकवायला कागदाची घडी बास आहे, व्हिडिओ लावला की पोरं नुसती बघत बसतात, पण चंद्राच्या कला फळ्यावर काढून कितीही समजावा, ॲनिमेशन दाखवल्यावर जे डोक्यात जातं ते नाही जात. एवढा एक विचार जरी घेतला तरी चार तास वसूल.

नेतृत्वाचं मॉड्यूलही वाईट नाही, टीम बांधणं, शाळेचं व्हिजन, पालक आणि गावाला बरोबर घेणं, मुख्याध्यापक म्हणजे फक्त कागद फिरवणारा नाही हे नीट मांडलंय. माझी तक्रार वेगळीच आहे. ही दोन मॉड्यूल्स एकमेकांशी बोलतच नाहीत. एकात तंत्रज्ञान आहे पण ते एकट्या शिक्षकाच्या वर्गापुरतं, दुसऱ्यात नेतृत्व आहे पण त्यात तंत्रज्ञानाचा निर्णय कुणी आणि कसा घ्यायचा हे जवळजवळ नाही. आणि शाळेत गाडं अडतं ते बरोबर तिथंच.

म्हणजे बघा, शाळेत एक 'तंत्रस्नेही शिक्षक' असतो, बहुतेक वेळा वयाने सगळ्यात लहान, त्याच्या गळ्यात यूडायस (शाळेची सरकारी आकडेवारी), शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), पोषण आहाराची रोजची माहिती, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं पडतं, तेही स्वतःच्या मोबाइलवर स्वतःच्या डेटावर, आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात. पुढं त्याची बदली झाली की स्मार्ट टीव्हीवर कव्हर चढतं ते उतरत नाही. याला टेक्नॉलॉजी लीडरशिप म्हणायचं का? कुठला वर्ग कधी वापरणार याचं वेळापत्रक, बिघडलं तर दुरुस्तीचे पैसे कुठल्या अनुदानातून, मुलांचे फोटो आणि आधार नंबर ग्रुपवर टाकायचे की नाही, हे ठरवणं मुख्याध्यापकाचं काम आहे, त्याला टायपिंग येत नसलं तरी चालेल. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलीये, स्टाफरूममध्ये विचारून बघा किती जणांना माहितीये.

दुसरा मुद्दा सर्टिफिकेटचा. मधेमधे ॲक्टिव्हिटी दिल्यात, त्यातल्या काही चांगल्याही आहेत, पण सर्टिफिकेट मिळतं ते शेवटच्या बहुपर्यायी प्रश्नांत ७० टक्के पडले की. त्यातून तुम्ही कोर्स बघितला एवढंच कळतं, वर्गात काय बदललं ते कुणालाच कळत नाही. युनेस्कोचा शिक्षकांसाठीचा आयसीटी आराखडा बघा, १८ क्षमता आणि तीन पातळ्या, आधी समजून घेणं, मग ते वर्गात खोलवर वापरणं, मग स्वतः नवीन तयार करणं. आपले कोर्स पहिल्या पातळीवर छान आहेत, दुसऱ्या पातळीची नुसती ओळख होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानकं सांगितलीयेत, एनसीटीईकडे (राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेकडे) ते काम, आणि वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षणही आहे. ५० तास भरणं सोपं आहे हो. पण एखाद्या केंद्रप्रमुखाने वर्गात मागं बसून माझा एक तास बघितला आणि मानकं पुढ्यात ठेवून दोन गोष्टी सांगितल्या, तर मी त्याला दहा सर्टिफिकेटांपेक्षा जास्त मानेन.

तर रेटिंग: आयसीटी मॉड्यूल पाचपैकी चार, नेतृत्व तीन, सर्टिफिकेटची पद्धत दोन.

नवीन लोकांनी आयसीटीचं नक्की करा, पण व्हिडिओ पळवू नका, आणि करताना पुढच्या आठवड्यातला एक पाठ डोळ्यासमोर ठेवा. कोर्स बॅचमध्ये उघडतात, शेवटची तारीख बघून जॉइन व्हा, नाहीतर सगळं बघून होतं आणि सर्टिफिकेट येत नाही मग बसा बोंबलत. मुख्याध्यापकांनी नेतृत्वाचं एकट्याने करू नये, शेजारी त्या तंत्रस्नेही पोराला बसवा आणि आधी त्याच्याकडचे पासवर्ड एका वहीत उतरवून कपाटात ठेवा.